बॉयलरकाका आणि खोलीची विजार

बॉयलरकाकांचा हात आधी पोचायचा आणि शब्द मागून यायचा. घोडपदेवच्या आमच्या खोलीत मी पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच मला हे कळलं. गावाहून आणलेली ट्रंक डोक्यावर होती, नजर वरच्या माळ्याकडे होती आणि पाय पडला तो नेमका कोणाच्या तरी वळकटीवर. पाठीत असा धपाटा बसला की ट्रंक सुटून खाली आदळली आणि तिची कडी तुटली. मग आवाज आला, "माणसाच्या अंथरुणार पाय ठेवतंस? ह्याच शिकवल्यानी शाळेत?" मी रडकुंडीला आलो होतो. तोवर ज्या हाताने मारलं होतं त्याच हाताने त्यांनी ट्रंक उचलून खिडकीखाली ठेवली होती. "हय ऱ्हव. उजेड चांगलो येता हय. जेवलंस?"

आमची खोली म्हणजे गावमंडळाची खोली. ज्यांची गिरणगावात हयात गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण आता टॉवरमध्ये वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. गावातल्या एकट्या पुरुषांनी मिळून घेतलेली ती एक मोठी खोली असायची. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी, खाली एक ट्रंक आणि रात्री अंग टाकण्यापुरती जागा. जागा मंडळाची, नियम मंडळाचे, आणि स्टोव्ह, शिडी, मृदंग, मासे पकडायचा पाग हे सगळं सामानही मंडळाचं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडिलांनी गावात शब्द टाकला आणि मला तिथे खुंटी मिळाली. ती मिळाली नसती तर मी आज हे लिहीत नसतो.

काका गिरणीत बॉयलरवर होते, म्हणून बॉयलरकाका. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे गुळगुळीत डाग होते. गिरणी बंद पडल्यावर ते रे रोडला एका लाकडाच्या वखारीत दिवसपाळीचे राखणदार झाले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, गावचं घर पुतण्यांकडे गेलं होतं. सावंतवाडीकडे दिलेली एक बहीण तेवढी होती. आमच्यापैकी प्रत्येकाला खोलीशिवाय दुसरं घर होतं. काकांना नव्हतं. खिडकीजवळचा कोपरा, त्यावरची खुंटी आणि गॅलरीत उभं राहून खाली ओरडायची जागा, एवढंच त्यांचं घर.

मला ते 'कालिज' म्हणत. "ए कालिज, पाणी भर." "कालिज, तोंड धुतलंस काय?" माझ्या अभ्यासाविषयी त्यांना कळत काहीच नव्हतं, पण अभ्यास चालू असताना कोणी मध्ये आलेलं त्यांना खपत नसे. एकदा संध्याकाळी माझी परीक्षा तोंडावर असताना एका पाहुण्याने डोळ्यांवर येतो म्हणून दिवा घालवला. काकांच्या हातात पितळेचा तांब्या होता. तो त्यांनी फेकला. पाहुण्याची भुवई फाटली, टाके घालावे लागले. दवाखान्यातून येताना काका त्याला समजावत होते, "पोरगो वाचीत होतो. तुका दिसला नाय?" पाहुणा एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली, आणि खरं सांगायचं तर त्याच पेपरात मला पहिल्यांदा चांगले मार्क पडले.

पण ज्या गोष्टीपायी काकांची खोली गेली ती म्हणजे खोलीची विजार. छातीपर्यंत येणारी जाड रबरी विजार, खाली बूट चिकटवलेले, वर खांद्यांवरून येणारे पट्टे. दुकानदार तिला 'वेडर' म्हणत, आम्ही विजार म्हणायचो. रविवारी सकाळी ओहोटी असली की खोलीतले दोघेतिघे शिवडीच्या खाडीवर जायचे. ज्याची पाळी असेल तो विजार चढवून कमरेएवढ्या पाण्यात पाग टाकायचा. बोय मिळायची, कधी कोळंबी, कधी नुसत्या चिंबोऱ्या. विजार एकच आणि माणसं अनेक, त्यामुळे बूट कोणाला चावायचे तर कोणाच्या पायात चिंध्या कोंबायला लागायच्या. पण तिच्याशिवाय त्या चिखलात उतरायची सोय नव्हती. तळाशी कालवांच्या शिंपा, फुटक्या बाटल्या, गंजलेले पत्रे. पायाचं मांस उघडं करून ठेवतील असे.

विजार निवडायची ती दारूखान्याच्या भंगारबाजारात. जुन्या जहाजांतून निघालेलं सामान तिथे विकायला असतं आणि त्यात अशा विजारी सापडतात. काकांच्या मागे मी पिशवी धरून जायचो. त्यांची निवडायची रीत बघून दुकानदारांचा जीव वर यायचा. आधी ते दोन्ही पाय धरून विजार दुकानाच्या खांबावर आपटत, धोबी आपटतो तशी. मग गुडघ्याच्या घडीवर उभे राहून टाचा घासत. मग वरचं तोंड पिळून आतली हवा कोंडत आणि त्या फुगलेल्या धुडावर बसून कान लावत.

"अरे चाचा, फाड दोगे क्या?" दुकानदार ओरडायचा.

"इधर फटेगा तो तेरा पतलून फटेगा," काका खालूनच म्हणायचे. "उधर फटेगा तो मेरा आदमी मरेगा. चुप बैठ."

एकदा त्याने काकांच्या हातातून विजार ओढली. काकांनी सोडली नाही. दोघे रस्त्यावर आले, विजारीचे दोन पाय दोघांच्या हातात. शिवणीतून टर्रकन आवाज झाला तसे काका त्याच्या अंगावर पडले. "बगलंस? शिवण सुटली! ही विकतलो होतो माका!" लोकांनी सोडवलं तेव्हा दुकानदाराचा ओठ फुटला होता आणि काकांच्या शर्टाची एक बाही नव्हती. पुढच्या दुकानदाराने मग न बोलता चांगल्यातली चांगली विजार काढून पुढे ठेवली.

तरी कितीही चांगली घेतली तरी ती कधी ना कधी गळायचीच. उन्हात वाळली की गुडघ्यामागे बारीक चिरा पडायच्या. दोन पायांमधली शिवण उसवायची, नाहीतर बूट जिथे चिकटवलेला असतो तिथून पाणी झिरपायचं. काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पाणी आत इला की विजार आपली नाय, खाडीची." पहिला थेंब आत आला असं कळलं की ते विजार चाळीच्या चौकात नेत, कोयता घेत आणि तिच्या खांडोळ्या करत. बकरा कापतात तशी. पायापासून सुरुवात, मग धड, मग पट्टे. नुसती टाकून का देत नाही, असं मी एकदा विचारलं. कोयता थांबला नाही. "टाकलंय तर कोण तरी उचलतलो. ठिगळ लावतलो. घालतलो. आणि मरतलो."

हे ते उगाच म्हणत नव्हते, हे मला सुभाषच्या वेळी कळलं. सुभाष माझ्या शेजारच्या खुंटीवरचा, परळच्या एका छापखान्यात कामाला. त्या रविवारी पाण्यात तो होता, काका आणि मी बांधावर. भरती लागली होती, पण बोयींचा थवा आत शिरला होता आणि सुभाष हावरेपणाने पागावर पाग टाकत होता. पायाला गार लागतंय हे त्याला कळलं होतं, नंतर त्यानेच सांगितलं, पण आणखी एकच पाग म्हणत राहिला. मग त्याने पाय उचलायला घेतला आणि पाय उचलेना. विजार मांडीपर्यंत भरली होती. पाण्याचं वजन आतून, चिखल खालून, भरती बाहेरून. पाणी पोटावरून छातीवर आलं तेव्हा तो ओरडला.

काका कपड्यांनिशी उतरले. दातांत मासे साफ करायची सुरी होती. ते जवळ पोचताच सुभाषने घाबरून त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघेही पाण्याखाली गेले. वर आले तेव्हा काकांनी त्याच्या नाकावर ठोसा मारला. एक नाही, मिठी सुटेपर्यंत मारले. पाण्यावर लाल पसरलेलं मला बांधावरून दिसत होतं. मग सुरीने पट्टे कापले, त्याचे केस मुठीत धरले आणि विजारीतून त्याला उपसून काढला. चिखलातून ओढत बांधावर आणून टाकला. सुभाषने पाणी ओकलं, खोकला, कण्हला. तो श्वास घेतोय अशी खात्री झाल्यावर काकांनी त्याला मारायला सुरुवात केली.

"गार लागला तेवा भायर येवक नको? बोयी खातलंस? खा! खा बोयी!" प्रत्येक शब्दाला एक फटका. मी मध्ये पडलो तर मलाही दोन बसल्या. शेवटी त्यांचेच हात दुखायला लागले तेव्हा ते सुभाषशेजारी चिखलात बसले आणि त्याचं मोडलेलं नाक स्वतःच्या बनियनने दाबून धरलं. ओहोटी लागल्यावर त्यांनी ती विजार खाडीतून काढली आणि तिथेच चिरली.

हे प्रकरण मंडळापुढे गेलं. आमचे चिटणीस दादरला एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, राहायला माहीमच्या फ्लॅटमध्ये. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्ट नियमात बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "काका, सुभाषचं नाक भरून येईल," ते म्हणाले. "विजार कशी भरून येणार? मंडळाची वस्तू आहे. दरवेळी तुम्ही ती कापता. शिडी मोडली तर आपण शिडी कापतो का?" मग दोन नियम झाले. मंडळाची कुठलीही वस्तू सभेच्या मंजुरीशिवाय मोडीत काढायची नाही. आणि काकांनी यापुढे खोलीत किंवा खोलीबाहेर कोणावर हात टाकला तर त्यांची जागा रद्द.

सुभाष उभा राहून म्हणाला, "मला मारल्याबद्दल माझी तक्रार नाही." चिटणीस म्हणाले, "तुझी नसेल. त्या भुवईवाल्या पाहुण्याची आहे. दारूखान्यातून पण लोक आले होते. आपली खोली आहे की आखाडा?" काका खिडकीतून खाली बघत होते. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतरचे महिने बघवत नव्हते. हात उठायचा आणि ते दुसऱ्या हाताने मनगट पकडायचे. भाजलेल्या कातडीवर नखांचे वळ उमटायचे. कधी गॅलरीत जाऊन पाण्याच्या पिंपाला लाथ घालायचे. पिंपाला पोचे आले तेव्हा चाळीतल्या बायका म्हणायच्या, "बॉयलर आज तापलाय, पिंपाची बाजू सांभाळा." खोलीत शांतता आली आणि तिची सगळ्यांना भीती वाटू लागली. जेवताना ताटात भात उरला तरी कोणी ओरडत नव्हतं.

नवी विजार मंडळाने घेतली. वर्ष सरत आलं आणि ती पोटरीपाशी गळायला लागली. काकांनी सभेत सांगितलं, "मोडीत काढा." चिटणीस म्हणाले, "आधी दुरुस्त करून बघू." सायकलवाल्याकडून आतल्या बाजूने रबराचा तुकडा चिकटवून आणला. चिटणीसांनी चौकात सगळ्यांसमोर ती दोरीला टांगली आणि तोंडापर्यंत बादल्यांनी पाणी भरलं. "बघा, बाहेर एक थेंब नाही." खरंच नव्हता. पाणी आत भरलं की ते आतल्या ठिगळाला रबरावर दाबून बसवतं. खाडीत पाणी बाहेरून दाबतं आणि तेच ठिगळ सोलून काढतं. त्या दिवशी हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. सगळे समाधानाने वर गेले. काका तेवढे टांगलेल्या विजारीकडे बघत उभे राहिले, मनगट घट्ट धरून.

माझ्या शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला. त्यानंतरच्या रविवारी ठिगळ लावलेली विजार पहिल्यांदा पाण्यात उतरणार होती आणि पाळी माझी होती. अमावास्या जवळ आलेली, भरतीला जोर. काका वखारीत जादा पाळीवर गेले होते. मी आणि सुभाष खाडीवर गेलो. सुभाषने पाण्यात उतरणं कधीच सोडलं होतं, तो बांधावर पिशव्या सांभाळत बसला. रोहित पक्षी पाहायला कॅमेरेवाले जमले होते. मी विजार चढवली, पट्टे आवळले आणि चिखलात उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं असेल, तोच मागून कोणीतरी मानेला धरलं.

मी वळलो तेव्हा तोंडावर पहिली बसली. दुसरीने ओठ फुटला. आज पाळी माझी आहे हे आठवताच काका वखार सोडून, रे रोडपासून तिथवर पळत आले होते. अंगावर राखणदाराचा खाकी शर्ट, धाप लागलेली, डोळे लाल. "मराक इलंस हय? आवशीन ह्याच्यासाठी धाडल्यान तुका?" मी तोल जाऊन चिखलात बसलो. त्यांनी माझ्या छातीवरचे पट्टे धरले आणि तसाच ओढत बांधावर नेला. कोपरं सोलली, पाठीखालून शिंपा गेल्या. रोहितांचा थवा उडाला. कॅमेरा गळ्यात अडकवलेली एक बाई धावत आली, "अहो, काय मारताय त्या मुलाला! पोलीस बोलावीन मी!"

"बाई, तुमी पक्षी बगा," काका म्हणाले आणि माझ्या पायातून विजार ओढून काढली.

माझा डावा पाय पोटरीपर्यंत ओला होता. आत ठिगळ सुटून लोंबत होतं. गुडघाभर पाण्यात चार पावलं टाकली नव्हती मी. काकांनी माझा पाय हातात धरला, ओली पोटरी चाचपली, आणि पुन्हा उगारलेला हात न मारताच खाली आला. मग सुभाषकडून सुरी घेऊन त्यांनी विजारीला भोसकलं. पुन्हा पुन्हा भोसकलं. सुरीचं पातं दगडावर लागून मोडलं तरी मुठीने मारत राहिले.

त्याच संध्याकाळी सभा बसली. माझा ओठ सुजून नाकाला टेकला होता. चिटणीसांनी विचारलं, "कोणी मारलं?" मी म्हणालो, "बांधाच्या दगडांवर पडलो." चिटणीसांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही बहुधा तेच उत्तर हवं होतं. "बरं. विजार?" "दगडात अडकून फाटली," सुभाष म्हणाला. "मग झालं तर," म्हणत चिटणीस उठायला लागले.

"बस खाली!" काका गरजले. चिटणीस खरंच खाली बसले. "पोरगो खोटा बोलता. मी मारलंय तेका. विजारय मीच फाडलंय." मग माझ्याकडे वळून, "येवडा शिकलंस ता खोटा बोलाक?"

"काकांनी वाचवलंय मला," मी चिटणीसांना म्हणालो. "पाय ओला होता माझा. ठिगळ सुटलं होतं."

"मला दिसतंय रे," चिटणीस हळू म्हणाले. "काका, तुम्ही गप्प का बसला नाहीत?"

"तुमी कायदो केल्यात. आता चालवा," काका म्हणाले. "उद्या दुसरो कोण तरी कोणाक मारीत, आणि म्हणात, बॉयलराक सोडल्यात. मी मारलंय. पोरगो जितो आसा. माका पुरे."

कोणी हात वर केला नाही. नियम होता म्हणून तो लागू झाला. सभा संपली तेव्हा चिटणीस जिन्यात बराच वेळ एकटे उभे होते.

दोन दिवसांनी मी आणि सुभाष काकांना लालबागला कोकणच्या बसवर सोडायला गेलो. बहिणीकडे जायचं ठरलं होतं. सामान म्हणजे एक पिशवी आणि वळकटी. बस उशिरा आली. मी पाया पडलो तेव्हा माझी हनुवटी धरून त्यांनी ओठ बघितला.

"दुखता?"

"नाही."

"परत खोटा." ते हसले. "आता पास होतलंस. नोकरी करतलंस. तुका मारूक आता कोण नाय. जिवाक जपून ऱ्हव."

मारणं म्हणजे माया असं मी म्हणत नाही. सुभाषचं नाक आजही वाकडं आहे आणि थंडीत दुखतं. पण माझ्यासाठी रागाने आपलं राहतं घर देऊन टाकणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही, भेटेल असं वाटत नाही.

माझा निकाल लागला त्या आठवड्यात चिटणीसांनी स्वतःहून सभा बोलावली आणि काकांची जागा परत द्यावी असा ठराव मांडला. सगळ्यांचे हात वर झाले. फोन मी करावा असं ठरलं. काकांच्या बहिणीने उचलला आणि आवाज न कळून बराच वेळ "कोण, कोण?" करत राहिली. मग काका आले. मी पास झाल्याचं सांगितलं. "बरा झाला," ते म्हणाले. मग म्हणालो, "काका, तुमची जागा परत मिळाली. सगळ्यांनी बोलावलंय. या."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"विजार नवी घेतल्यात?"

"घेतली. आता पाणी आलं की लगेच मोडीत काढायची असा नियम केलाय."

"मग माका कित्याक बोलवतंस?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी बहिणीच्या हातात फोन दिला, आणि ते आले नाहीत.